अम्माला दिसेल असं लग्न

कमलाक्का गेली हे भाच्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी मोगरा ओवत बसले होते. पुढे तो काय बोलला ते नीट कानात शिरलंच नाही. डोळ्यांपुढे आलं ते ट्रिप्लिकेनमधलं आमचं भाड्याचं घर… मधल्या उघड्या चौकात हळूहळू उतरणारं सकाळचं ऊन, आणि त्या उन्हात पिवळं नऊवारी लुगडं नेसून पाटावर बसलेली माझी थोरली बहीण. ती जाऊन महिना होत आला, तरी मला ती तशीच दिसते आहे.

पन्नासच्या दशकाची अखेर होती. शहराला सगळे मद्रासच म्हणत. आम्ही मूळचे तंजावरचे. अप्पा शाळामास्तर, अक्काही नुकतीच शिकवायला लागलेली. आमच्याकडे लग्न म्हणजे गावी छत्र नावाचं मोठं मंगल कार्यालय, दिवसचे दिवस पंगती आणि नादस्वरमची वाजंत्री. अक्काचं ठरलं तेव्हा अप्पांनी तेच मनात धरलं होतं. पण अम्माचं हृदय फार अशक्त झालेलं. प्रवास नको, गर्दी नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. चौकालगतच्या खोलीत ती खाटेवर पडून असे. "मी इथूनच अक्षता टाकेन," असं ती हसून म्हणाली, पण लग्न याच चौकात व्हावं म्हणून अक्का हटून बसली. "अम्माला दिसणार नाही असं लग्न मला नको."

"अय्यो कमला, मुलाकडचे काय म्हणतील?"

"त्यांनाच विचारा की, अप्पा."

अप्पांना धीर होईना. कोणाकडून तरी नवरामुलगा रघुनाथराव यांच्या कानावर गेलं आणि एका संध्याकाळी तेच घरी आले. बंदरावरच्या कचेरीत कारकून, बोलणं अगदी कमी. आमचा जीव टांगणीला. ते सरळ अम्माच्या खाटेशी जमिनीवर बसले, चौकाकडे बराच वेळ बघत राहिले… आणि म्हणाले, "अम्मा, होमाचा धूर तुमच्याकडे येईल का?"

अम्मानं उशीवरून मान उचलून चौकाकडे पाहिलं. "समुद्राचा वारा दुपारी सुटतो. सकाळी धूर इकडे नाही यायचा."

"सरी, ठीक आहे. मग सकाळचाच मुहूर्त धरू."

त्यांचे थोरले काका रुसले, लग्नाला आलेच नाहीत. आमच्याकडचेही काहीजण मानापमान धरून बसले. आले ते चौकात मावतील एवढेच. शेजारणींनी पायसम केलं, मी दारात पिठाचा कोलम काढला. वाजंत्री नव्हती. अंतरपाट धरला, भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. श्वास घ्यायला ते मध्येच थांबले, आणि खोलीतून एक बारीक, थरथरता सूर आला… पुढची ओळ अम्मानं उचलली होती. कितीतरी वर्षांत ती गायली नव्हती. भटजी गप्प झाले. नळाचं ठिबकणं ऐकू येईल अशी शांतता, आणि त्या उन्हात तरंगणारा तो सूर. अंतरपाटामागे अक्काच्या डोळ्यांना धार लागली. पलीकडून रघुनाथरावांनी हलकेच विचारलं, "थांबू या का?"

"नको… ऐकू दे."

त्या दोघांचं एकमेकांशी पहिलं बोलणं ते एवढंच.

पुढच्या पोंगलला अम्मा नव्हती. लग्न थाटात झालं नाही म्हणून नातेवाईक पुढे बरीच वर्षं हळहळत. अक्का मला एकदाच म्हणाली, "छत्रात वाजंत्री असती, शंभर माणसं बोलत असती. तो आवाज मला कुठे ऐकू आला असता गं?"

इतरांच्या मोठ्या लग्नांना मात्र ती हौसेनं जायची. पुढच्या ओळीत कधी बसली नाही. मागे, ज्यांना काही दिसत नाही अशा म्हाताऱ्या बाया असतात, त्यांच्याशेजारी जाऊन बसायची आणि त्यांच्या कानात सांगत राहायची… आता मुलगी आली, आता अंतरपाट धरला, मुलगा घाबरलेला दिसतोय हं.

परवा मांबलमला एका लग्नाला गेले होते. प्रचंड हॉल, पुढे नुसते कॅमेरे. मी मागेच बसले. शेजारच्या बाईंना मान उंचावूनही दिसेना. त्यांनी माझ्या हाताला हात लावून तमिळमध्ये विचारलं, "काय चाललंय तिकडे?"

मी उठून उभी राहिले, नीट पाहिलं… आणि त्यांच्या कानाशी वाकले.