लोटलेलं दार

मी निघाले त्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती, माझा नवरा समीर बॅगा डिकीत कोंबत होता आणि आई तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दारात उभी होती. मी जिन्याकडे वळल्यावर बाबा दार लावायला पुढे झाले, तर ती त्यांच्यावर खेकसली, "माणूस जिना उतरलं नाही तोच दार काय लावता? लोटून ठेवा नुसतं." आमच्याकडे कोणी गावाला निघालं की लगेच दार लावायचं नाही, केर काढायचा नाही आणि 'जाते' असं म्हणायचं नाही. मी 'येते' म्हटलं आणि खाली आले. टॅक्सी वळेपर्यंत वर पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर निघाले नसते.

मुलुंडच्या आपल्या बिल्डिंगमध्ये राहिलेल्या आणि माझ्यासारख्या तिथून उठून कुठेकुठे जाऊन पडलेल्या तुम्हा सगळ्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे दार लावायचं ते फक्त रात्री. दिवसभर ते लोटलेलं. म्हणजे उघडं नाही आणि बंदही नाही, बोट लावलं की आत. समोरची शोभाकाकू विरजण मागायला यायची ती "आहे का गं कोणी?" म्हणेपर्यंत ओट्याशी पोचलेली असायची. भरदिवसा कोणाचं दार आतून बंद दिसलं, तर घरात भांडण आहे किंवा आजारपण, असं धरून दोघी-तिघी कडी वाजवायला हजर. मला या सगळ्याचा भयंकर राग यायचा. वन रूम किचनमध्ये आई, बाबा, आजोबा आणि मी. मला फक्त एक खोली हवी होती, माझी स्वतःची, आणि तिला घट्ट लागणारं दार.

देवाने ऐकलं, आणि जरा जास्तच ऐकलं. इंग्लंडच्या उत्तरेला एका लहान गावात समीरने आणि मी घर घेतलं. जुनं, दगडी, उंच छताचं, खाली चार खोल्या, वर चार. एवढं मोठं घर आपल्याला कसं परवडलं, हा प्रश्न घेताना पडायला हवा होता. तो पहिल्या हिवाळ्याचं गॅसचं बिल आल्यावर पडला. समीर घास हातात धरून बसला आणि म्हणाला, "वैशू, वाट लागली." हत्ती दारात बांधणं सोपं, पोसणं कठीण, या म्हणीचा शाळेत मी वाक्यात उपयोग करून दाखवला होता. आता हत्तीच्या पोटातच राहत होतो.

मग काटकसरीचा संसार सुरू झाला. खिडक्यांना जाड पडदे लावले, धुराड्यात जुन्या उशा कोंबल्या, डब्यातल्या पोळ्यांसाठी आणलेली फॉइल रेडिएटरच्या मागे चिकटवली. वरच्या खोल्या बंदच करून टाकल्या. पण खरी बचत होती ती दारांत. तापवलेली खोली तापलेली राहायला हवी तर तिचं दार बंद हवं आणि खालच्या फटीला जुन्या साडीची वळकटी हवी. त्या घराची दारं फुगलेली. नुसती ढकलून भागायचं नाही, खांदा लावून 'खट्' आवाज येईपर्यंत दाबावी लागायची. आमची इरा बोलायला लागली तेव्हा 'आई', 'बाबा'नंतर तिचा तिसरा शब्द 'खट्' होता. आम्ही हसून हसून बेजार झालो होतो.

बाबा गेले, आणि वर्षभरात आपली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. तुम्ही सगळे भाड्याच्या जागांत पांगलात. मी हट्टाने आईला इकडे आणलं. ती आली बाबांची माकडटोपी घालून, आणि विमानतळावरच मला ऐकवलं, "मला थंडीचं सांगू नकोस हं. मुंबईत थंडी पडते ती मुलुंडलाच." घरात शिरल्यावर पाचव्या मिनिटाला तिने शाल मागितली.

तिची खोली आणि स्वयंपाकघर, एवढंच आम्ही तापवत होतो, आणि हे तिला कळू द्यायचं नाही असं ठरलं होतं. पण आई कुठे गेली हे शोधायला घरभर फिरावं लागायचं नाही. ती जिथून गेली तिथली दारं लोटलेली असायची. मी तिच्यामागून दारं लावत फिरायचे. "आई, खट् आवाज आला पाहिजे गं." ती म्हणायची, "अगं, घरात माणसं आहेत ना? मग दारं कसली लावायची? मला गुदमरतं." एकदा ती थोडी रडलीही. म्हणाली, बंद दारामागे बसलं की आपण कोणाच्या लक्षात नाही असं वाटतं. मी तिला बिल दाखवलं नाही, फक्त जवळ बसले.

शेवटी बिंग फोडलं ते इरानेच. हातमोजे घालून अभ्यास करत होती. आजीने विचारलं, हे काय नवीन? तर ही म्हणाली, "हीटर फक्त तुझ्या खोलीत असतो ना, आजी." संध्याकाळी पाहतो तर आईने वरच्या दोन गाद्या एकटीने ओढत खाली आणल्या होत्या आणि तिच्या खोलीत अंथरल्या होत्या. समीर म्हणाला, "अहो आई, हे काय?" तर म्हणाली, "एवढं मोठं घर घेऊन शेवटी मुलुंडच केलंत ना? मग नीट तरी करा!"

तो हिवाळा आम्ही चौघांनी एका खोलीत काढला. जेवण तिथेच, इराचा अभ्यास तिथेच, समीरचं घोरणं तिथेच. कोणाचा पाय कोणाच्या पोटात. आई इराला रात्री बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या गोष्टी सांगायची, त्यामुळे तुमच्यापैकी कोण कोणाच्या लग्नात रुसलं होतं हे माझ्या मुलीला तोंडपाठ आहे. आणि दार मात्र बंद. कारण आता दाराच्या आतच सगळे होते. इरा ओरडायची, "आजी, खट्!" आणि आई उठून खांदा लावून दार दाबायची, आवाज आला की आमच्याकडे वळून पाहायची. इतकी सुखी मी त्या घरात आधी नव्हते आणि नंतरही झाले नाही.

पण तिचा व्हिसा पाहुण्यांचा होता. आई पाहुणी, हे त्या कागदाला कोण समजावणार? आम्ही विचारायचं तिथे सगळीकडे विचारलं. म्हातारी आई एकटी आहे, एवढं कारण पुरत नाही. मुदत संपायच्या आत ती परत गेली. मुलुंडलाच एका टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर भाड्याची जागा घेतली. शोभाकाकू त्याच रस्त्यावर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये होती, तेवढाच आधार. नवीन बिल्डिंग होईपर्यंतचा प्रश्न आहे, असं आम्ही एकमेकींना सांगत होतो.

फोनवर तिचा आवाज सुरुवातीला लहान झालेला असायचा. त्या मजल्यावर चार दारं आणि चारही बंद. ती दार लोटून बसली तर वॉचमन सांगून गेला, "काकी, दरवाजा बंद रखो." मग एकदा मोठ्या कौतुकाने म्हणाली, "मी आता दार लावूनच बसते गं. कडीसुद्धा घालते. तुमच्याकडे सवय लागली ना." मला बरं वाटलं. एकटी बाई, दार लावते, बरंच आहे की. मी इराला सांगितलं, आणि इरा फोनवर ओरडली, "आजी, खट्!" आई खूप हसली.

दिवाळीच्या आधी ती गेली. बाथरूमच्या दारात पडली होती. शोभाकाकू फराळाची भाजणी घेऊन सकाळी आली होती. बेल वाजवली, दार उघडलं नाही, तिला वाटलं झोपली असेल. दुपारी परत आली, परत तेच वाटलं. संध्याकाळी मी फोन करून करून थकले आणि काकूला कळवलं, तेव्हा सुतार बोलावून दार फोडलं. तोवर फार उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, लगेच गेल्या नाहीत, वेळेवर कोणी... आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं.

मी पोचले तेव्हा शोभाकाकू माझ्या गळ्यात पडून एकच बोलत होती, "दोनदा येऊन गेले गं मी. दोनदा! आपल्या जुन्या घरी असती तर मी दार ढकलून आत गेले नसते का? पण तुझी आई आणि भरदिवसा आतून कडी? हे कधी शिकली ती?" मी तिला सांगितलं नाही. कोणालाच नाही सांगितलं. आज पहिल्यांदा लिहितेय. दारात आलेल्या प्रत्येकाला जिने घरात घेतलं, ती बाई माझ्या घरी एक हिवाळा राहून एवढंच शिकून गेली होती. यात चूक कोणाची, हे मी खूप शोधलं. थंडीची म्हणावी तर थंडी सगळ्यांनाच पडते. चूक सापडली असती तर तिच्यावर चिडून तरी घेतलं असतं.

आमच्या घराला आता नवीन खिडक्या आहेत, भिंतींना आतून अस्तर आहे. बिल पूर्वीपेक्षा कितीतरी कमी येतं. इरा वरच्या खोलीत तिचं दार लावून असते, तिच्या वयाला ते हवंच. समीर खाली काम करतो. सगळे उबेत आहोत. आणि आईची इतकी आठवण येते की भर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडू येतं, आणि ते कोणाला ऐकू जात नाही.

नवीन बिल्डिंग पूर्ण झाली. आपल्यापैकी बरेच जण राहायला गेलेत, शोभाकाकूसुद्धा. आईच्या जागेची चावी आता माझ्याकडे येणार आहे. विकू की भाड्याने देऊ, असं समीर हळूच विचारतो. घर म्हणजे काय, हे मला आता इतकंच समजतं, की तुम्ही सकाळपासून दिसला नाहीत तर जिथे कोणीतरी न विचारता आत येतं, ते घर. तसं काही इथे मी करू शकले नाही. तिथे असेल, या आशेने गेल्या आठवड्यात शोभाकाकूला फोन केला. म्हटलं, "काकू, चावी घ्यायला येतेय. आधी तुझ्याकडेच येईन."

ती फार खूश झाली. काय खाणार, किती दिवस राहणार, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, "ये गं राणी, पण निघालीस की आधी फोन कर हं. दार लावलेलं असतं आमचं. उघडं राहिलं की एसी वाया जातो."