साखळीतली खुर्ची

आमच्या कोर्टाच्या बाररूममध्ये उठताना जो तो आपली खुर्ची खिडकीच्या गजांना साखळीने बांधतो, साखळी बसायच्या जागेवरून आडवी. साखळी हत्ती बांधावा एवढी आणि कुलूप नारळाएवढं. वकील इतके झालेत, की कुलूप न लावता पाणी पिऊन परत येईपर्यंत आपल्या खुर्चीत तिघं बसलेले असतात आणि चौथ्याने स्टे आणलेला असतो.

काल आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ अण्णा पाय पसरून बसले होते. चार वर्षं भिंतीला टेकून वकिली करणारी रेवती समोर उभी होती.

"अण्णा, मला बसायलाच जागा नाही हे बघून पक्षकार परत जातात. विमा कंपनीत नोकरी मिळतेय. आजच कळवायचंय. काय करू?"

"टिकून राहायचं, बाळ," अण्णा वडा गिळत म्हणाले. "वकील उभा राहूनच मोठा होतो."

"किती वर्षं उभं राहायचं?"

"आम्ही कधी मोजली नाहीत."

मोजणार कशाला? अण्णा आधी बसले, इमारत नंतर त्यांच्याभोवती बांधली. सल्ला देण्याचं हेच सुख, जागचं हलावं लागत नाही.

मग जेवायला जाताना त्यांनी खुर्चीला कुलूप घातलं आणि दोनदा ओढून पाहिलं. मला अशी किळस आली, की तोंडातलं पान कडू झालं. "माझ्या खुर्चीत बस," असं रेवतीला सांगायला मी ताडकन उठलो. पण उठता उठता माझ्याच हाताने, सवयीने, माझ्या खुर्चीचं कुलूप लावून टाकलं होतं.

रेवतीने ते पाहिलं आणि नोकरीला होकार कळवायला ती बाहेर गेली.