ज्याचं उत्तर, त्याचा प्रश्न

मला क्रिकेटवाल्यांची शिसारी येते. खेळणाऱ्यांशी माझं भांडण नाही. न खेळता, टपरीवर बसून तो खेळ पानासारखा चघळणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर चहाची टपरी आहे आणि रोज संध्याकाळी ही मंडळी तिथे जमतात. घरातला गॅस संपलाय हे ज्यांना आठवत नाही, त्यांना कुठल्या कसोटीत कोण धावचीत झाला ते बरोबर आठवतं. एकाने प्रश्न टाकायचा, बाकीच्यांनी ओळखायचं, की झाली संध्याकाळ सार्थकी.

या मंडळींचे गुरू म्हणजे माझे शेजारी अरविंद सामंत. गोदीतल्या नोकरीतून निवृत्त झाले, लालबागची खोली विकून इथे फ्लॅट घेतला आणि पहिल्याच आठवड्यात टपरीवरच्या या खेळाला शिस्त लावली. अर्धं उत्तर चालायचं नाही. ‘जवळपास’ म्हणणाऱ्याला ते सरळ ‘चूक’ म्हणायचे, मग तो कितीही मोठा साहेब असो. आणि त्यांचा मुख्य नियम असा, की ज्याचं उत्तर बरोबर, पुढचा प्रश्न त्याने विचारायचा. मला तो माणूस थोडा तिरसटच वाटायचा, पण तोंडावर खरं बोलायचा.

मग त्यांना विसर पडू लागला. आधी चष्मा, मग लिफ्टचा मजला, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढत जाणार. त्यांची बायको सरोजिनी रोज संध्याकाळी त्यांचा हात धरून त्यांना टपरीवर सोडायची आणि अंधार पडला की घेऊन यायची. तिथून आले की ते दोन घास नीट जेवतात, एवढंच तिला कळत होतं.

एकदा मी भाजी घेऊन येत होते. विपुल, प्रीतम आणि बाकीची मंडळी टपरीपाशी अरविंदरावांच्या भोवती खिदळत होती. विपुल इथला, खांदा गावचा. त्याच्या बापजाद्यांच्या भातशेतीवर आमची सोसायटी उभी आहे आणि तो आता हार्डवेअरचं दुकान चालवतो. प्रीतम आमच्याच इमारतीतला, शिकलेला, कायम फोन हातात.

“काका, दोन हजार अकराची वर्ल्ड कपची फायनल कुठे झाली?” प्रीतमने विचारलं.

विपुल शेजारच्या एकाच्या कानाशी लागला. “काका आता लॉर्ड्स बोलनार. नाय बोलले तर चा माझा.”

अरविंदरावांनी डोळे मिटून विचार केला. “लॉर्ड्स,” ते म्हणाले.

सगळे फुटले. वानखेडे हे उत्तर तिथल्या टपरीवाल्यालाही ठाऊक होतं. अरविंदराव आपण काहीतरी मजेदार बोललो असं समजून त्यांच्याबरोबर हसले. म्हणजे आता ओळखायचं होतं ते काका काय चुकणार हे. एक आजारी माणूस मधे बसवून ही धडधाकट माणसं त्याच्या डोक्यातल्या भोकांवर चहाची पैज लावत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिथेच भाजीची पिशवी खाली ठेवली आणि मी तोंडाला येईल ते बोलले. तुमच्या बापाला कुणी असं बसवलं तर चालेल का, हेही विचारलं. प्रीतम फोनमध्ये बघत राहिला. विपुल तेवढा पुटपुटला, “तसा नाय ओ ताई, आमी मस्करी करतो जराशी.”

दुसऱ्या दिवसापासून मंडळी सुधारली. आणि ते सुधारणं बघून मला जास्त किळस आली. अरविंदराव काहीही म्हणाले तरी चारी बाजूंनी “बरोबर काका, एकदम बरोबर!” तान्ह्या पोराला पेज भरवताना काढतात तसला आवाज. टाळ्यासुद्धा. मला वाटतं त्यात त्यांना स्वतःच्या चांगुलपणाची चव लागली होती. सरोजिनी मात्र खूश होती. “हल्ली किती माया करतात हो यांच्यावर,” ती मला म्हणाली. मी विषय बदलला.

हे असं बरेच दिवस चाललं. मग एका संध्याकाळी मी दुधाची पिशवी घ्यायला खाली उतरले होते आणि सरोजिनी नुकतीच त्यांना न्यायला आली होती. प्रीतम विचारत होता, “भारताकडून पहिलं कसोटी शतक कुठल्या मैदानावर झालं, काका?”

“ब्रेबर्न,” अरविंदराव म्हणाले.

“बरोबर!” सगळे एका सुरात.

अरविंदराव उठले नाहीत. त्यांनी मान वर केली. “उत्तर माझं. म्हणजे प्रश्न माझा,” ते म्हणाले. त्यांचा तो नियम कुठून वर आला कोण जाणे, पण आवाज जुना होता. “ते शतक कोणत्या साली?”

“तेहेतीस,” प्रीतम म्हणाला. तेवढं त्याला येत होतं.

“ब्रेबर्न कधी उघडलं?”

प्रीतम फोनमध्ये शोधायला लागला.

“सदतीस,” अरविंदरावांनीच सांगितलं. “मग मैदान नसताना शतक काय खाडीत मारलं? शतक बॉम्बे जिमखान्यावरचं आहे. मी चुकलो. तुम्ही सगळे बरोबर म्हणालात.”

टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला.

“काका, तुमी टेन्शन घेऊ नका,” विपुल म्हणाला. “आमाला काय, तुमी खुश तर आमी खुश.”

“मला लिंबूटिंबू केलंत,” अरविंदराव म्हणाले. “खेळायला घ्यायचं आणि मोजायचं नाही. त्यापेक्षा हसत होतात ते बरं होतं. हसताना निदान मी बाद तरी होत होतो.”

म्हणजे ते हसणंही त्यांना कळत होतं. सरोजिनी त्यांना घेऊन निघाली, तशी मीही त्यांच्या मागोमाग निघाले.

जिन्याशी त्यांनी सरोजिनीचा हात सोडवला. “घरी तूपण असंच बरोबर म्हणतेस का गं?”

सरोजिनीने माझ्याकडे पाहिलं. “हो,” ती म्हणाली.

“आजपासून चूक ते चूक म्हणायचं. शब्द दे.”

तिने दिला.

त्यानंतर ते टपरीवर गेले नाहीत. तिथे खेळ मजेत चालू आहे. प्रीतम लिफ्टमध्ये मला तोंड पाडून विचारतो, “काका कसे आहेत?” मी भिंतीकडे बघते. त्याच्याशी बोलायला माझी जीभ वळत नाही.

आमच्या दोन फ्लॅटमधली भिंत पातळ आहे, सगळं ऐकू येतं. सकाळी चहाच्या वेळी अरविंदराव विचारतात, “केयूर गेला का ऑफिसला?” केयूर त्यांचा मुलगा. तो बायकोमुलांसकट कॅनडात राहतो, कधीतरी व्हिडिओ कॉल करतो. पूर्वी सरोजिनी म्हणायची, “हो, आत्ताच गेला.” आणि ते निवांत चहा प्यायचे.

आता ती म्हणते, “चूक. केयूर कॅनडात असतो.”

मग कप बशीत ठेवल्याचा आवाज येतो. रोज ते हे पहिल्यांदाच ऐकत असतात.

“मला न भेटताच गेला?”

“भेटून गेला हो,” सरोजिनी म्हणते. “पाया पडून गेला. तुम्हीच म्हणालात, जा.”