पाण्याचा फेरा

"आन् येताना काय भरायचं?"

आप्पांचा हा ठरलेला प्रश्न. यवतच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात कुणी सहज म्हणालं, की उद्या दौंडला चाललोय, तर आप्पा खुर्चीतून मान वर करून हेच विचारणार. माणूस बिचारा तहसील कचेरीत दाखला आणायला चाललेला. तो काय भरणार, कपाळ!

तुमच्याही ओळखीत असा एखादा म्हातारा असेल, धंदा सुटला तरी धंद्याचं बोलणं न सुटलेला. आप्पांनी जन्मभर ट्रक चालवला, न्हावऱ्याचा कांदा घेऊन कुठं कुठं गेले. गाडी रिकामी परत आणणं त्यांच्या लेखी पाप. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा गाडी विकली. बायको आधीच गेलेली, मुलगा पुण्यात. हायवेमागच्या एका खोलीत एकटे राहायचे. सकाळी मी शटर वर केलं की हजर. "जय भीम, पोरी," म्हणायचे आणि पंख्याखालची खुर्ची धरायचे.

मला गेमचा नाद. चाळिशीच्या बाईला शोभत नाही असं माझी जाऊ म्हणते, म्हणू दे. गिऱ्हाईक नसलं की मी कोपऱ्यातल्या कम्प्युटरवर गेम लावते. त्यात सगळं जग उद्ध्वस्त झालेलं असतं. शहरं ओसाड, रस्ते फुटलेले, विहिरी आटलेल्या. उरलीसुरली माणसं लांब लांब वस्त्या करून राहिलेली. आपण गाड्यांचा तांडा घेऊन एका वस्तीचा माल दुसरीला विकायचा. वाटेत लुटारू असतातच.

एक दिवस आप्पा मागून बघत होते. मी ट्रकला चहूबाजूंनी लोखंडी पत्रे ठोकले होते, वर बंदूकवाले सहा गडी, मागं डिझेलचा टँकर.

"पोरी, तू माल वाहतीस का लोखंड?"

"लुटारू आहेत, आप्पा."

"त्ये कवातरी लुटतील. हे पत्रं तर रोज डिझेल पित्यात. आन् त्यो टँकर? डिझेल न्यायला डिझेल जाळतीस व्हय?"

मी चिडले. पण पत्रे उतरवले, टँकर सोडला, आणि महिनाभर कंगाल असलेली मी चार दिवसांत मालदार झाले. मग काय, तांड्याचे मालक आप्पाच. माऊस माझ्या हातात, हुकूम त्यांचा. मोठा ट्रक नको, तीन छोटे टेम्पो घे. एक बंद पडला तर त्याचा माल बाकी दोघांत बसला पाहिजे. जाताना धान्य, येताना भंगार.

नकाशाच्या पार टोकाला एक वस्ती होती. तिला फक्त पाणी लागायचं, आणि बदल्यात द्यायला तिथं काहीच नव्हतं. गेम इंटरनेटवरचा, आपण कम्प्युटर बंद केला तरी तिथले दिवस पुढं सरकायचे. आठ दिवस पाणी पोचलं नाही, की ती वस्ती उठणार. दुसरा कुणी खेळणारा तिकडं फिरकत नसे. परवडतच नव्हतं.

मी गंमत म्हणून एकदा पाणी घेऊन गेले. वेशीवर एक बाई उभी. गाडी थांबल्यावर तिच्या डोक्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली.

"काय म्हंती?"

"म्हणते, आलात, बरं झालं."

आप्पा म्हणाले, "फुडल्या सोमवारी परत जाऊ."

"आणि येताना काय भरायचं?" मी टोमणा मारला.

"काय न्हाई. मोकळंच यायचं."

तेव्हापासून दर सोमवारी पाण्याचा फेरा. सगळा नफा तिथं जिरायचा. बाईला दुसरं वाक्यच नव्हतं, आणि ते आप्पांना पक्कं ठाऊक होतं. तरी दर वेळी मला वाचून दाखवायला लावत. खोलीवर गेल्यावर त्यांना असं म्हणणारं कुणी नव्हतं. हे मला कळायचं. पण एकदाही मी त्यांना घरी जेवायला बोलावलं नाही. वाक्य वाचून दाखवणं सोपं होतं.

गेल्या जूनमध्ये आप्पा मोरीत घसरले. खुबा मोडला. मुलगा न्यायला आला. मागच्या सीटवर आडवे, तोंड वेदनेनं वाकडं, तरी काच खाली करायला लावून म्हणाले, "सोमवारचं पाणी तेवढं बघ."

"बघते की. जावा तुम्ही निवांत."

तो आठवडा ॲडमिशनच्या फॉर्मचा. रांग पार रस्त्यापर्यंत, सर्व्हर डाऊन, आणि लोक डाफरणार माझ्यावर. सोमवार गेला. मी गेम उघडला तो गुरुवारी. टेम्पो भरून टोकाला पोचले, तर वेशीवर कुणी नाही. घरांची दारं सताड उघडी. पाणी उतरवायचं बटणसुद्धा राहिलं नव्हतं.

आप्पा यवतला परत आले नाहीत, पुण्यातच वारले. त्याआधी एकदाच त्यांचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"पाणी पोचलं का गं?"

दुकानात गर्दी होती. आजारी माणसाला कशाला सांगायचं, म्हणून मी ठोकून दिलं, "पोचलं की, आप्पा! ती बाई तुमची चौकशी करत होती."



"आगं, ती मशीनमधली बाई. ती कुठली चौकशी करती?"

मी समोरच्या गिऱ्हाइकाचे सुटे पैसे मोजत राहिले.

"तू गेलीच न्हाईस."

"गेले, आप्पा. पण उशीर झाला. वस्ती उठली."

"आसू दे. दुकान हाय तुझं."

मला वाटलं, फोन ठेवला. पण ते होते. हळू आवाजात म्हणाले, "मंग ती मानसं कुठं गेली आसतील गं?"