दसऱ्याआधी विळा नाही

रस्त्याच्या कामात पगार बेताचा मिळतो, पण किस्से फुकट आणि भरपूर मिळतात. कडेला खडीचे ढीग पडावेत तसे ते साठत जातात. एक उपसायला घ्यावा तर खालून दुसरा घरंगळत येतो. आमच्या लोणावळ्याच्या गँगचे किस्से सांगायला बसलो की एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक किश्शात कुणीतरी घाबरलेलं असतं. बहुतेक वेळा मीच!

मी रोड कारकून होतो. मजुरांची हजेरी घ्यायची, सामान सांभाळायचं आणि साहेब आले की धडधडत्या छातीनं उभं राहायचं, एवढंच माझं काम. तेव्हा मुंबई-पुणे रस्त्यावर मोटारी तुरळक, बैलगाड्याच जास्त.

*

नोकरीतले पहिलेच दिवस. परतीचा पाऊस लागला होता आणि भरदुपारी असं धुकं की आपलाच हात दिसेना. वळवण गावाजवळून एकटाच चाललो होतो. तोच एक उंच म्हातारा धुक्यातून एकदम पुढ्यात उभा! धोतर चिंब, टोपीतून पाणी ठिबकतंय, आणि हातात चांगली धडधाकट छत्री. पण मिटलेली. माझी बोबडीच वळली.

"नवा कारकून का रे तू?"

"होय. पण तुम्ही... छत्री उघडा ना!"

"उघडली तर बी सांडेल! मग वेचायला तू येणार का?"

छत्रीच्या घड्यांत सोनकीचं आणि तेरड्याचं बी भरलेलं होतं. हे आमचे रावसाहेब. निवृत्त इंजिनियर, तालुका बोर्डातलं मोठं नाव. डोंगरावर फिरून रानफुलांचं बी गोळा करायचं, आणि रस्त्याची कड जिथं उघडी पडली असेल तिथं नेऊन छत्री झटकायची, हा त्यांचा उद्योग. मला न राहवून मी विचारलं, "पण हे कशाला?"

"हा डोंगर खाली यायला लागला तर तुझी खडी थांबवणार आहे का त्याला? माती मुळंच धरून ठेवतात!" ते म्हणाले. त्या दिवसापासून मला डोंगराचीही भीती वाटायला लागली.

*

रावसाहेबांचा नियम एकच. दसऱ्याआधी कडेच्या गवताला विळा लावायचा नाही, फुलांचं बी आधी पडलं पाहिजे. ऐकायला छान वाटतं हो! पण भाद्रपदात ते गवत कमरेच्या वर जायचं, आणि आत काय दडलंय ते देवालाच ठाऊक.

खडी फोडायला सखूमावशी होत्या, ठाकरवाडीतल्या. एकदा त्यांच्या अगदी पायाशेजारून फुरसं सळसळत गेलं. सगळी गँग रोलरवर चढली. सगळ्यांत वर मी होतो, हे वेगळं सांगायला नकोच.

रावसाहेब खाली उभे, शांत. "घाबरता कशाला? तुमच्यापेक्षा तेच जास्त घाबरलंय!"

सखूमावशी वरूनच ओरडल्या, "मंग त्याला सांगा की रावसायब, आदी तूच पळ म्हनावं!"

*

आमच्याकडे कळलावीचं फूल कुणी घरात आणत नाही. आणलं की भांडण लागतं म्हणतात. फूल बाकी देखणं, लालपिवळं, पेटल्यासारखं. रावसाहेबांनी हे बरोबर हेरलं. जिथली फुलं कुणी तोडू नयेत असं वाटे, तिथं ते कळलावी लावून टाकत. मग गौरीसाठी तेरडा न्यायला येणाऱ्या बायकासुद्धा लांबून वळसा घालून जायच्या!

आमच्या बारकू मुकादमानं एकदा भीतभीत विचारलं, "रावसायब, तुमच्या घरी बी कुंडीत लावलीया म्हनं. मग भांडान न्हाई व्हत?"

"छे! सगळं थोतांड आहे," रावसाहेब म्हणाले. "बाईसाहेबांनी कुंडी ओसरीवर काढली, एवढंच."

"मंग ठीक हाय."

"हो. आता मी आणि कुंडी, दोघंही ओसरीवरच झोपतो!"

*

रावसाहेब आजारी पडले ते ऐन पावसाळ्यात. मी आणि मुकादम भेटायला गेलो. अंगाची फक्त हाडं उरली होती, आवाज मात्र तोच.

"बारकू, माझ्यामागं दसऱ्याआधी विळा लावू देऊ नकोस."

"न्हाई लावू देनार, रावसायब."

"लावलास तर येऊन बघेन हं!" असं म्हणून ते हसले. मुकादम हसला नाही. परतताना रस्ताभर तो कडेच्या गवताकडं बघत चालला. मलाही फार वाईट वाटत होतं. आठवडाभरात रावसाहेब गेले.

*

आता शेवटचा किस्सा.

पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचा दगड रस्त्याच्या कडेला बसवायचं ठरलं. मुंबईहून एक बडे साहेब येणार होते. आमचे नवे ओव्हरसियर गडबडून गेले. "कड एकदम साफ पाहिजे! सगळं गवत कापा, दगडांना चुना मारा, झेंडूच्या कुंड्या मांडा!"

म्हणजे ज्यांनी रानफुलं लावली, त्यांचा मान ठेवायला तीच फुलं कापायची! पण आमच्या खात्याला मान ठेवायची दुसरी पद्धतच माहीत नव्हती.

"साहेब, दसरा हुं द्या," मुकादम म्हणाला. "बी पडलं न्हाई अजून."

"नोकरी हवी की दसरा?"

बारकूच्या घरात कमावणारा तो एकटा. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "भाऊ, कापलं तर रावसायबाचं भ्या, न्हाई कापलं तर ह्याचं भ्या. म्या करू काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पांढराफटक चेहरा करून कचेरीत आला. "साहेब, गवतात रावसायब दिसलं मला. फुलांत हुबं हुतं."

ओव्हरसियर हसले आणि तरातरा स्वतः बघायला गेले. धुकं दाट होतं. गवतात काहीतरी खसफसलं. तेवढ्यानं साहेब गेले त्याच्या दुप्पट वेगानं परत आले. "राहू दे ते गवत," ते म्हणाले. "चुना तेवढा मारा."

मुकादमानं माझ्या कानाशी तोंड आणलं. "थाप मारली, भाऊ!"

समारंभाच्या दिवशी भुरभुर पाऊस होता. दगडापुढं छोटा मांडव, मांडवामागं फुललेली सोनकी, पिवळीधमक. बडे साहेब या भागात पहिल्यांदाच आलेले, रावसाहेबांना त्यांनी कधी पाहिलेलंही नव्हतं. ते भाषणाला उभे राहिले, दोन वाक्यं बोलले आणि आमच्या डोक्यांवरून फुलांकडं बघत थांबले.

"अहो, त्या म्हाताऱ्या गृहस्थांना मांडवात बोलवा की. केव्हाचे भिजताहेत! आणि हातात छत्री आहे, तर उघडत का नाहीत?"

आम्ही सगळे मागं वळलो. मला तर फुलं आणि त्यांच्यामागचं धुकंच दिसलं. ओव्हरसियरांनी खुर्ची घट्ट धरली. मुकादमानं डोक्यावरचं पागोटं सावरलं, फुलांकडं तोंड करून हात जोडले आणि कापऱ्या आवाजात तो म्हणाला,

"बघून घ्या, रावसायब. एक काडी बी कापली न्हाई!"