ताईचा आवाज आणि भाऊजी

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, सव्वीस वर्षं गाईड आहेत. बोट धक्क्याला लागली की प्रवाशांना बसमध्ये बसवायचं, माळावरच्या जुन्या नगराचे अवशेष दाखवायचे, टेकडीवरचा मठ दाखवायचा आणि चार वाजता किनाऱ्यावरच्या हॉटेलांपाशी आणून सोडायचं, हे त्यांचं काम. बस मी चालवतो. त्यांचा आवाज एवढा दणदणीत होता की धक्क्यावर सगळे त्यांना 'भोंगा' म्हणायचे, आणि त्यांना ते आवडायचंही.

मग तो आवाज बसला. उघड्या माळावर वाऱ्याशी भांडून घसा पार कामातून गेला. डॉक्टरांनी ओरडायला बंदी केली. कंपनीने ठरवलं, सगळी माहिती रेकॉर्ड करून प्रत्येकाच्या कानाला हेडफोन लावायचा. भाऊजींनी नुसतं पुढे चालायचं.

मजकूर त्यांनीच लिहून दिला. पण त्यांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नाही, म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशी ताईला सोबत नेलं. ताईचं बाजारामागच्या गल्लीत कपडे लहानमोठे करून देण्याचं दुकान आहे. वाचायला आलेल्या माणसाला कुठला शब्द काय आहे ते समजावं म्हणून तिने एक पान मोठ्याने वाचून दाखवलं. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "बाई, थांबू नका. तुम्हीच वाचा." तीन दिवस ती वाचत होती आणि भाऊजी बाहेरच्या बाकावर बसून होते.

पहिल्याच फेरीला माझ्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. प्रवासी पडक्या स्नानगृहापाशी उभे होते. सगळे एकदम हसले. भाऊजी तोंडही न उघडता समोर उभे.

बसमध्ये माझ्या शेजारी बसून घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, "तो विनोद माझा आहे."

"हो की."

"माझ्या तोंडून ऐकून कधी एवढे हसले होते?"

मी म्हटलं, "पुढे रस्ता खराब आहे," आणि गिअर बदलला.

त्यानंतर त्यांनी बारीकसारीक खोड्या सुरू केल्या. मुद्दाम भराभरा चालायचे. कानात ताई दगडी आसनांबद्दल सांगतेय आणि समोर सांडपाण्याचं गटार! लोक गोंधळून गटारात आसनं शोधायचे. घरी म्हणायचे, "तू जरा नाकातून बोलतेस." ताई पँटची पट्टी दुमडता दुमडता नुसतं "बरं" म्हणायची. त्या 'बरं'ने त्यांचा आणखीच तिळपापड व्हायचा.

एक दिवस एक म्हातारं जोडपं आलं. आजोबा मठाच्या पायथ्याशी हेडफोन काढून म्हणाले, "काय गोड आवाज आहे हो! घरातलंच कुणीतरी उशाशी बसून बोलतंय असं वाटतं."

आजींनी विचारलं, "कोण आहेत या बाई?"

भाऊजींचा चेहरा आंबट झाला. "ती? ती गेली."

"कुठे?"

"वारली बिचारी. गेल्या वर्षी."

मी बसच्या दारात उभा होतो. माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. आजींचे डोळे भरून आले. हां हां म्हणता बातमी सगळ्यांत पसरली. मठात दोघीतिघींनी माझ्या जिवंत बहिणीच्या नावाने दिवा लावला, आणि मी मागे मुकाट उभा. आपल्या माणसाला चारचौघांत खोटं कसं पाडायचं?

उतरताना पायरीवर आजींच्या कोटाचं अस्तर उसवलं. बोट सुटायला वेळ होता. हॉटेलातल्या कुणीतरी त्यांना शिवणकामाचं दुकान दाखवलं, आणि ते दोघं नेमके ताईकडेच गेले.

ताई म्हणाली, "बसा, दहा मिनिटांत करून देते."

कानातला तोच आवाज ऐकून आजोबा उभ्याउभ्याच पांढरे पडले. आजींनी ताईचा हात घट्ट धरला आणि हुंदका देत म्हटलं, "तुम्ही तर गेलात म्हणे!" ताई आधी हसली. मग तिने विचारलं, "तुम्हाला हे सांगितलं कुणी?"

संध्याकाळी तिचा फोन आला. "मी कधी मेले रे? तू तरी मला कळवायचंस."

नऊ दिवस ती भाऊजींशी एक अक्षर बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, मशीनवर बसायची. भाऊजी भिंतींशी बोलायला लागले. दहाव्या दिवशी बसमध्ये पाहतो तर त्यांनी हेडफोन लावलेला! तोवर त्यांनी तो हातात धरला नव्हता. पूर्ण फेरी त्यांनी ऐकली. ती "डोकं सांभाळा, कमान बुटकी आहे" म्हणाली तेव्हा ते वाकले. ती कमान त्यांना झोपेतसुद्धा ठाऊक आहे.

परत आल्यावर म्हणाले, "विहिरीपाशी ती 'डावीकडे वळा' म्हणते. वाट उजवीकडे आहे. मीच चुकीचं लिहिलं होतं." हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "तिच्या लक्षात कसं येणार? तिने ती जागा पाहिलीच नाही. मी कधी नेलंच नाही तिला."

बोट नव्हती त्या दिवशी ते दुकानात गेले. तीन गिऱ्हाइकं उभी होती. म्हणाले, "चल, तुला सगळं दाखवतो."

"मेलेल्या बाईला कुठे नेताय?"

गिऱ्हाइकं फिस्सकन हसली. भाऊजी काहीतरी पुटपुटले.

"काय? ऐकू नाही आलं."

"चुकलो म्हणतोय." त्या बसलेल्या घशाने त्यांना ते तीनदा म्हणावं लागलं.

बेचाळीस सीटांच्या बसमधून मी दोघांना घेऊन गेलो. भाऊजींनी फाटक्या आवाजात एकेक दगड दाखवला. रंगमंडपाच्या पायरीवर बसून ताई म्हणाली, "हे सगळं तुम्ही रोज परक्यांना सांगायचात, आणि घरी आलात की 'दमलो' म्हणून भिंतीकडे तोंड. त्या बसमधल्या बायकांचा मला किती राग यायचा, माहितीये?"

भाऊजी तिच्याकडे वळून म्हणाले, "इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं. पुरुषांचासुद्धा यायचा."

चुकलेलं वळण दुरुस्त करायला ताईने पुन्हा रेकॉर्डिंग केलं. आता सगळं पाहिलेलं होतं, म्हणून आवाजात आणखीच जान आली, आणि लोक आणखीच खूश झाले. भाऊजींची जळजळ काही गेलेली नाही. परवा एकाने विचारलं, या बाई कोण? "माझी बायको," त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं. त्याने विचारलं, भेटतील का?

"नाही," भाऊजी म्हणाले. "आज तिचं दुकान बंद असतं."

त्याच सकाळी मीच ताईला दुकानापाशी सोडलं होतं.