कळ येण्याची वाट पाहताना

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी उजेडात धरली आणि म्हणाले, "सापडलं." नवरा खाटेवर घामाघूम झालेला आणि मी मात्र हसत होते. सिस्टरना मी वेडीच वाटले असेन. पण छातीतली ती कळ एकदाची कागदावर उमटावी म्हणून आम्ही किती खोळंबलो होतो, ते आमचं आम्हालाच ठाऊक.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या ह्यांना पहाटे अंथरुणातच छातीत आवळून यायचं आणि थोड्या वेळाने आपोआप जायचं. मग दिवसभर नारळांची ओझी घेऊन घाटी चढले तरी काही नाही. नारळीच्या आगराला पाणी लावायची वेळही पहाटेचीच, त्यामुळे धाकटे दीर चेष्टा करायचे की कळ बरी कामाच्या वेळेलाच येते. गावाने गॅस ठरवून टाकला. ह्यांनी इतका ओवा चावला की जवळ गेलं तरी वास यायचा. मी मात्र घाबरले होते, कारण कळ आली की ह्यांचे ओठ पांढरे पडत.

रत्नागिरी म्हणजे एसटीचा अर्धा दिवस. पोचेपर्यंत कळ कधीच गेलेली आणि ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख, अगदी छान. शेवटी डॉक्टर म्हणाले, "इथेच राहा. दुखेल तेव्हाच पट्टी काढू."

राहिलो, तर कळ यायचं नाव घेईना. हे वॉर्डभर गप्पा मारत फिरू लागले. डॉक्टर रोज विचारत, आली का? आम्ही ओशाळून मान हलवायचो. दीर डबा घेऊन आले तेव्हा उलगडा झाला. सासूबाईंनी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं होतं, मुलाची कळ काढून टाक म्हणून. मी म्हटलं, देवाला जरा थांबायला सांगा. निदान न होताच घरी गेलो तर एखाद्या पहाटे माणूस हातचा जायचा.

दीर पुन्हा आले ते सासूबाईंचा निरोप घेऊन. त्या देवळात जाऊन म्हणाल्या होत्या, "म्हाराजा, येकदा कागदावर येवंदे, मंग कायमची घेवन जा."

देवाने ऐकलं की कसं, ते सोडा. घरी सोडायचं ठरलं होतं त्याच दिवशी पहाटे ह्यांनी माझा हात घट्ट धरला. सिस्टर मशीन घेऊन धावल्या. पट्टी निघाल्यावर निफेडिपीनची कॅप्सूल फोडून जिभेखाली दिली. हळूहळू ओठांवर रंग आला.

"ह्याला कोरोनरी स्पाझम म्हणतात," डॉक्टरांनी समजावलं. "हृदयाची रक्तवाहिनी मधूनच आवळते आणि तेवढा वेळ हृदयाला रक्त कमी पडतं. आवळण्यासाठी पेशीत कॅल्शियम शिरावं लागतं. हे औषध, कॅल्शियम चॅनल ब्लॉकर, ती वाट अडवतं, म्हणून वाहिनी सैल राहते."

हे ऐकून सासूबाईंनी घरी ह्यांचं दूध आणि मासळी बंद करून टाकली. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी दोन्ही सुरू केलं आणि वाहिनी आवळायला लावणारी ह्यांची बिडी तेवढी कायमची बंद केली.

आता औषधं बदलली आहेत, ती डॉक्टरच ठरवतील. मी एवढंच सांगेन की बसल्याजागी छाती आवळली तर ओव्यावर भागवू नका, आणि दुखतंय तोवरच डॉक्टरांना गाठा.

मला अजून पहाटे जाग येते. कान देऊन ऐकते, तर हे घोरत असतात. पूर्वी मी कोपराने ढोसून कूस बदलायला लावायचे. आता नाही ढोसत. तशीच पडून ऐकत राहते, फार बरं वाटतं.